तेच झाड

अंजीर फोडलं की आत दाण्यांचा खच दिसतो. एकेका फळात शेकडो दाणे, जिभेवर करकरणारे. पण सासवडच्या बाजारातून आणलेल्या अंजिराचे हे दाणे कितीही जिव्हाळ्याने पेरा, उगवणार काहीच नाही. ते आतून पोकळ असतात.

उंबर आपल्या ओळखीचं आहे. फोडलं की केंबरं निघतात. वरून फळ दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या आत उंबराची फुलं असतात आणि त्या फुलांचं परागण हीच केंबरं करतात. अंजीर त्याच कुळातलं, म्हणजे तेही फुलं पोटात घेऊन वाढतं. फरक इतकाच की पुरंदरच्या अंजिराला कुणा किड्याची वाट पाहावी लागत नाही. परागण झालं नाही तरी फळ फुगतं, गोड होतं, पिकतं. दाणा मात्र भरत नाही.

तुर्कस्तानातल्या स्मिर्ना जातीची गोष्ट वेगळी. तिला परागण करणारी माशी लागतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या फांद्या कॅलिफोर्नियात नेऊन लावल्या, झाडं जोमाने वाढली आणि फळं हिरवीच गळत राहिली. फांद्या आल्या होत्या, माशी मागेच राहिली होती. ती 1899 साली तिथे रुजली, तेव्हा कुठे फळं टिकली. या जातीचे दाणे भरलेले असतात, पेरले तर उगवतातही. पण येणारं रोप आईसारखं निघेल याची खात्री नसते आणि त्यातली निम्मी झाडं खाण्याजोगी फळं देतच नाहीत.

म्हणजे एखादं अंजीर जसंच्या तसं हवं असेल, तर वाट एकच: कुणीतरी फांदी कापायची आणि लावायची. त्या फांदीचं झाड हे पहिल्याचं पोर नव्हे, पहिलंच झाड ते, दुसऱ्या मातीत उभं राहिलेलं. जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगाल इथे सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची बिनपरागणाची अंजिरं सापडली. माणसाने ती फांद्या लावून वाढवली असावीत, धान्याच्या शेतीच्याही आधी, असं 2006 साली संशोधकांनी मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला मात्र तो हात डोळ्यांपुढे दिसतो.

पुरंदर तालुक्यातल्या माझ्या मामांच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, असंच एक झाड होतं. नाव नसलेलं. फळ बुटकं, पिकलं तरी हिरवटच, साल इतकी पातळ की पाटीत घालेपर्यंत फाटायची. चव मधाची. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जांभळट, घंटेच्या आकाराच्या फळाला बाजार आहे. याला नव्हता, म्हणून याची फांदी कुणी मागितली नाही. जात दुर्मीळ होते ती अशी. झाड नाजूक असतं म्हणून नव्हे, मागणारे हात संपतात म्हणून.

घर पाडून नवं बांधायचं ठरलं आणि झाड आड येऊ लागलं. आदल्या श्रावणात मी पाच गुट्या बांधल्या. बोटाएवढ्या जाडीची फांदी, तिच्यावरची इंचभर साल गोल काढायची. पांढरा चीक धो धो वाहतो, हाताला खाज सुटते. तो पुसून लाकूड खरवडायचं, नाहीतर साल पुन्हा जुळते. मग भिजवून पिळलेलं शेवाळ, त्यावर प्लास्टिकचा कागद, दोन्ही टोकांना सुतळी आवळून. महिन्याभराने कागदाआडून पांढरी मुळं दिसली. तीन गुट्या लागल्या, दोन कुजल्या.

छाट कलमंही लावली होती, वीतभर लांबीची, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. तिथे मी फसलो. आठ-दहा दिवसांत पालवी आली, मला वाटलं, जगली. पण फांदी साठवलेल्या अन्नावर आधी पानं काढते, मुळं मागून येतात. मुळं पाहायला एक उपटलं. नुकतीच फुटलेली टोकं माझ्या हातात तुटली.

आणखी एक गोष्ट कलमातून येते, ती सांगायलाच हवी. जुन्या झाडाच्या पानांवर पिवळे ठिपके होते, ते माझ्या रोपांवरही उमटले. तो विषाणू आहे, त्यावर औषध नाही. तेच झाड येतं तेव्हा त्याचं दुखणंही येतं. ज्यांना रोपं देतो त्यांना मी हे आधी सांगतो, आणि कलमासाठी नेहमी सर्वांत स्वच्छ पानांची फांदी निवडतो.

तिसऱ्या वर्षी, पिंपात लावलेल्या गुटीच्या झाडाला फळ धरलं. सकाळी तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून मामींकडे नेलं. त्यांनी ते दोन्ही अंगठ्यांनी फोडलं, अर्धं मामांच्या हातावर ठेवलं, अर्धं सावकाश खाल्लं.

"श्रावणात एक गुटी बांध रे," त्या म्हणाल्या. "नव्या न्हाणीच्या मागं फरशी घालू दिली नाही मी."