बघणं म्हणजे नेमकं काय?

गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. काही दिवस मान खाली घालून बसायचं आणि बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास बंद! उंचीवर वायू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

नेमकी तेव्हाच पुण्यात आई आजारी पडली. "अरे, रोज व्हिडिओवर बघतोस की मला!" ती म्हणाली. मलाही ते पटलं. खरं सांगू? डोळा ठणठणीत असतानाही, तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो.

त्या सक्तीच्या विश्रांतीत सिडनी ब्रॅडफर्ड या इंग्रज गृहस्थांची हकीकत ऐकली. दहा महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. बावन्नाव्या वर्षी, 1958-59 मध्ये, नेत्ररोपणानंतर त्यांना दिसू लागलं. अंधपणी बोटांनी चाचपून ते घड्याळ 'बघत'. आता भिंतीवरच्या घड्याळातली वेळ त्यांना लगेच सांगता आली. पण मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये काचेमागचं लेथ मशीन दाखवलं, तेव्हा काहीच उमगेना. काच उघडली, डोळे मिटून त्यांनी त्यावरून हात फिरवला, आणि मग ते यंत्र त्यांना 'दिसलं'.

आपली मराठी हे केव्हापासून सांगतेय! आपण चव बघतो, कपाळाला हात लावून ताप बघतो.

मग पडद्यावर आईला बघणं खोटं का? नाही. पण ते जुन्या स्पर्शाच्या शिलकीवर चालतं. माझ्याकडे ती शिलक आहे. इथे जन्मलेल्या माझ्या लेकीकडे कुठे होती? तिच्यासाठी आजी म्हणजे काचेमागचं चित्र. आजी-नातीची भेट आपण 'कॉल'वर भागवतो, तेव्हा आपली शिल्लक खर्च होते. मुलांच्या खात्यात मात्र काहीच जमा होत नाही.

नजरेसमोरची बुडबुड्याची रेघ रोज थोडी खाली उतरत गेली, एक दिवस नाहीशी झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही दोघं पुण्याला गेलो. तीन आठवडे लेकीने आजीच्या हाताला धरून तिला अंगणात फिरवलं.

परत आल्यावर एका रविवारी व्हिडिओ चालू होता. लेक म्हणाली, "बाबा, आजीचा हात आज जास्त थरथरतोय."

माझे दोन्ही डोळे उघडे होते. मला ते दिसलं नव्हतं.