भावंडाला भावंड राहू द्या

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा तीव्र मानसिक आजार बहुतेक वेळा ऐन तारुण्यात डोकं वर काढतो. आई-वडील तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतात आणि धाकटं भावंड दहावी-बारावीत. आजारी मुलाचं शिक्षण थांबलं, नोकरी सुटली, हे सगळ्यांना दिसतं. त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाला रातोरात मोठं व्हावं लागलं, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. केसपेपरवर नाव आजारी मुलाचं असतं, डॉक्टरांसमोर आई-वडील बसतात आणि भावंड बाहेर बाकावर थांबलेलं असतं. आजाराची झळ त्यालाही लागते, पण त्याला कुणी काही विचारत नाही.

अशी घरं आपल्या अवतीभवती आहेत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला दादा दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून येतो आणि परत जातच नाही. दिवसा झोपतो, रात्रभर येरझाऱ्या घालतो. शेजारी आपल्याबद्दलच बोलतात म्हणून खिडक्या लावून घेतो. आधी घरचे त्याला आळशी ठरवतात, मग प्रेमभंगाची शंका येते, मग कुणीतरी ‘बाहेरचं’ असेल म्हणून देवऋषी सुचवतं. मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचायला कधी महिने लागतात, कधी वर्षं. तोवर बारावीतली बहीण बरंच काही शिकलेली असते. दार कसं आपटलं यावरून दादाचा मूड ओळखायचा. मैत्रिणींना घरी बोलवायचं नाही. रात्री झोपण्यापूर्वी सुऱ्या आणि विळी कपाटात ठेवायची. तो आपल्याला काही करेल ही भीती तिला नसते, तो स्वतःलाच काही करून घेईल ही असते. पुढे औषध सुरू झालं की आईने दिलेली गोळी त्याने खरंच गिळली की जिभेखाली दडवली, हे पाण्याचा पेला घेऊन जाण्याच्या निमित्ताने पाहायचं. आणि आपला निकाल घरात हळू आवाजात सांगायचा, कारण ‘92 टक्के’ हे शब्द ऐकून दादाच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते तिला ठाऊक असतं.

अशा मुलीचं सगळे कौतुक करतात. किती समजूतदार पोर! मावशी-काका जाता-येता सांगतात, “तू तरी आई-बाबांना त्रास देऊ नकोस हं.” सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या क्षणापासून तिला हट्ट करायची सोय उरत नाही, रागवायची नाही, नापास व्हायची तर नाहीच नाही. घरात एक मूल आजारी म्हणून लहान राहतं आणि दुसरं निरोगी म्हणून अकाली प्रौढ होतं. दोघांचंही तारुण्य त्याच आजाराने नेलेलं असतं.

या दुःखाला रीतभात नाही. घरातलं माणूस गेलं तर लोक भेटायला येतात, दहावं-तेरावं होतं, रडायला मुभा असते. इथे माणूस समोर पानावर बसलेला असतो. ज्याने सायकल शिकवली, शाळेत कुणी चिडवलं तर धावून आला, तोच हा. पण त्याचं हसणं, त्याची चेष्टा, त्याचा वचक कुठे गेला हे विचारायचं कुणाला? त्या दुःखात राग मिसळतो, कारण घरातला सगळा पैसा आणि सगळा वेळ त्याच्याकडे जातो. रागामागून अपराधीपणा येतो: आजाऱ्यावर कसलं रागवायचं? आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती असते, ‘उद्या मलाही हे होईल का?’

या भीतीला उत्तर आहे, आणि ते भावंडाला स्पष्ट शब्दांत मिळायला हवं. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारणपणे शंभरातल्या एखाद्याला होतो. सख्ख्या भावंडांमध्ये हे प्रमाण शंभरात साधारण 9 ते 10 पर्यंत जातं. धोका वाढतो हे खरं, पण शंभरातल्या 90 भावंडांना हा आजार होत नाही हेही तितकंच खरं. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच राहते. म्हणजे आनुवंशिकता हे एक कारण आहे, ललाटलेख नव्हे. एवढी माहिती वेळेवर दिली तर कितीतरी मुलांच्या रात्रीच्या झोपा परत मिळतील.

लग्नाच्या बाजारात मात्र आकड्यांना कुणी विचारत नाही. स्थळ सांगून येतं तेव्हा दादाला चार दिवस मामाकडे पाठवलं जातं, फोटोतून वगळलं जातं, ‘तो बाहेरगावी असतो’ असं सांगितलं जातं. बहिणीच्या संसाराचा पाया भावाला लपवून घातला जातो आणि पुढे प्रत्येक सणाला तिला ते खोटं निभवावं लागतं. कधी याउलट घडतं: ‘लग्न केलं की ताळ्यावर येईल’ म्हणून आजारी मुलाचंच लग्न उरकतात. मग परक्या घरातून आलेली मुलगी या सगळ्यात ओढली जाते आणि निस्तरायला पुन्हा हेच भावंड उभं राहतं.

कुटुंबाने अशा रुग्णासाठी काय करावं, यावर मानसोपचारशास्त्राने खूप वळणं घेतली आहेत. 1948मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनियाचा संबंध आईच्या वागण्याशी जोडला आणि पुढची कित्येक वर्षं आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. नंतर लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आजार घरामुळे होत नाही, पण सततची टीका, तिरस्कार किंवा अतिकाळजी असलेल्या घरात तो उलटण्याची शक्यता वाढते. भारताने आपली वेगळी वाट आधीच धरली होती. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी 1950च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहायला लावलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही कुटुंबासह राहण्याची पद्धत रुजली. पुढे चंदीगडमधल्या अभ्यासात दिसलं की तिथल्या कुटुंबांमध्ये रुग्णावर होणारी टीका आणि शत्रुत्वाची भावना लंडनच्या मानाने कमी आहे. याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावाही.

पण ‘भारतीय कुटुंब सांभाळून घेतं’ असं म्हणताना त्या कुटुंबात नेमकं कोण सांभाळतं, हे पाहायला हवं. आधी आई. आई थकली की बहीण, नाहीतर वहिनी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या 2004च्या चित्रपटात अतुल कुलकर्णींचा शेष जितका मनात राहतो, तितकीच सोनाली कुलकर्णींनी उभी केलेली त्याची बहीणही राहते. भावावर जीव असणं आणि भावामुळे जीव मेटाकुटीला येणं, दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला येतात, हे त्या चित्रपटाने न लपवता दाखवलं. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा होती. त्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता आणि पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. तिथल्या आधारगटात आजार सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात आणि त्यालाही बोलायला वेळ देतात. अशा गटात प्रथमच आलेल्या भावाला किंवा बहिणीला सर्वांत मोठा दिलासा औषधाच्या माहितीने मिळत नाही. आपल्यासारखं आणखी कुणी रागावतं, थकतं, पळून जावंसं वाटतं असं म्हणतं, हे ऐकून मिळतो.

अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. ‘आमच्यानंतर याचं कोण पाहणार?’ आई-वडिलांच्या मनात तो रोज असतो, ओठांवर क्वचित येतो. उत्तर गृहीत धरलेलं असतं: धाकटी आहे ना. धाकटीला कुणी विचारत नाही आणि तीही विषय काढत नाही, कारण तो काढणं म्हणजे आई-बाबांच्या मरणाबद्दल बोलणं. मग एके दिवशी वडील अचानक जातात आणि दहाव्याच्या आत निर्णय घ्यावा लागतो. इतक्या घाईत सोपवलेली जबाबदारी प्रेमालाही पोखरते.

कायद्याची मदत अपुरी आहे, पण अजिबात नाही असं नाही. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला बरं वाटत असताना आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा आणि उपचारांबाबत आगाऊ सूचना लिहून ठेवण्याचा हक्क दिला. म्हणजे भावंडावर भार टाकण्याआधी आजारी माणसाला स्वतःलाच विचारता येतं. 2016च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढलं तर अवलंबून असलेल्या भावंडासाठी आयकरात वजावट मिळू शकते आणि सरकारी नोकराच्या कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला निवृत्तिवेतनाचा आधार मिळू शकतो. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात मात्र ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढेच येतात, मानसिक आजार नाही. घरापासून दूर, पण माणुसकीने सांभाळणारी निवासी केंद्रं हवी तितकी नाहीत आणि जी चांगली आहेत ती बहुतेकांच्या खिशाला परवडत नाहीत. हा भार समाजाने उचलला नाही तर तो दर वेळी एकाच माणसाच्या खांद्यावर येणार.

आणि इथेच माझं मुख्य म्हणणं आहे. आई-वडिलांच्या माघारी भावंडाला आई-वडील करून टाकणं हे दोघांचंही नुकसान आहे. आजारी माणसाला काळजी घेणारे, औषध देणारे, सांगणारे-सवरणारे खूप असतात. त्याला बरोबरीने वागवणारं, जुन्या भांडणाची आठवण काढणारं, क्रिकेटवरून वाद घालणारं, आजारापूर्वीचा तो कोण होता हे आतून जाणणारं एकच नातं असतं. तेही गोळ्यांच्या डब्याचे आणि पैशांचे हिशेब ठेवण्यात संपलं तर त्या माणसापाशी ‘पेशंट’ या ओळखीशिवाय काही उरत नाही.

म्हणून आई-वडिलांनी हे बोलणं आपले हातपाय चालत असतानाच काढावं: मृत्युपत्र, पैशांची सोय, घर कुणाच्या नावावर, औषध कोण आणणार, रात्री-अपरात्री फोन कुणाला. निरोगी मुलाला ‘एवढं मला जमेल, एवढं जमणार नाही’ असं म्हणू द्यावं आणि त्या ‘नाही’ला कृतघ्नपणा समजू नये. डॉक्टरांनी आई-वडिलांइतकाच भावंडाशीही संवाद ठेवावा. आणि भावंडाने स्वतःच्या शिक्षणाची, संसाराची, आनंदाची लाज बाळगू नये. जो स्वतः उभा आहे तोच पंचवीस-तीस वर्षं कुणाची साथ करू शकतो. जबाबदारी वाटून घेतली तर दादा दादाच राहील आणि धाकटी धाकटीच राहील, आणि त्या दोघांना एकमेकांकडून जे मिळू शकतं ते दुसरं कुणीही देऊ शकणार नाही.