ऐकण्याचा अधिकार

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या बैठकीनंतर चहापानाच्या वेळी शाळांतील समुपदेशकांचा विषय निघाला. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “आपल्या लहानपणी कोठे होते हे समुपदेशक? म्हणून काय आपण वाढलो नाही?” सारे हसले. आम्हीही हसलो. घरी परतल्यावर मात्र ते हसणे आम्हांस बोचू लागले. त्याचे कारण पुढे सांगावयाचे आहे.

विषय निघण्यास निमित्त होते. दि. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी काही मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यांपैकी एक. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मुलाच्या मनात डोकावण्याचा अधिकार आजवर रक्ताच्या नात्याचा किंवा गुरूचा मानला गेला. तो एखाद्या परक्या व्यक्तीस पदवीच्या कागदाने मिळू शकतो काय?

कागदाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे. मध्यप्रदेश शासनाच्या महसूल खात्यात तीन तपांहून अधिक काळ आम्ही दाखल्यांवर सह्या केल्या. उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे असे किती दाखले दिले असतील याची गणती नाही. उत्पन्न किती हे कागद सांगू शकतो. माणूस किती मायाळू आहे हे तो सांगू शकत नाही. तेव्हा “समुपदेशकाची पदवी” या शब्दांकडे आम्हीही प्रथम संशयानेच पाहिले.

वस्तुतः जुन्या इंदुरातल्या वाड्यांत मुलांचे ऐकणारी माणसे नव्हती असे नाही. आजी होती, आत्या होती, एखादी विधवा काकू होती. रडणाऱ्या मुलास पोटाशी धरून त्याचे गाऱ्हाणे ऐकणारे ते कान आम्ही अनुभवले आहेत. पण हेही तितकेच खरे की दुपारी माजघरात सांगितलेली गोष्ट दिवेलागणीपर्यंत ओसरीवर पोहोचत असे. ऐकणाऱ्याची माया खरी असे. परंतु त्याच मायेस घराण्याच्या अब्रूची, वडिलांच्या रागाची आणि चार लोकांच्या बोलण्याची चिंताही चिकटलेली असे. मुलाचे ऐकणारा आणि मुलाचा निवाडा करणारा, हे दोघे एकच होते.

आता ते हसणे का बोचले ते सांगतो. १९९८ साली आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा बारावीत होता. एका संध्याकाळी तो आमच्या खोलीत आला आणि म्हणाला, “काका, कोणाला सांगणार नसाल तर एक बोलू?” आम्ही वचन दिले. अभियांत्रिकीकडे आपले मन नाही, रात्र रात्र झोप लागत नाही, पुस्तक उघडले की छाती धडधडते, असे त्याने अडखळत सांगितले. त्याच रात्री आम्ही ते सारे बंधूंच्या कानी घातले. हेतू शुद्ध होता. मुलाचे भले व्हावे एवढीच इच्छा होती. घरात जे व्हावयाचे ते झाले. मुलगा अभियंता झाला, आज दुसऱ्या शहरात चांगल्या हुद्द्यावर आहे, सणासुदीस येऊन वाकून नमस्कारही करतो. पण त्या रात्रीनंतर प्रकृती आणि पाऊसपाणी यांपलीकडे त्याने आमच्याशी कधी काही बोललेले आम्हांस आठवत नाही.

आमची एक भाची अमेरिकेत स्थायिक आहे. काही वर्षे शिक्षिकेचे काम केल्यावर तिने तेथे शाळेतील समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी घेतली. त्या देशात बहुतेक राज्यांत अशी पदवी आणि राज्याचा परवाना असल्याविना हे काम करता येत नाही. तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात वर्गातील शिक्षणाखेरीज अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली १०० तासांचा प्राथमिक सराव आणि त्यानंतर शाळेत ६०० तासांची उमेदवारी करावी लागते. गंमत अशी की या व्यवसायाचा उगम मुलांच्या दुःखात नव्हता. १९०८ साली बॉस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांस योग्य नोकरी निवडण्यास साहाय्य करणारी संस्था काढली, तेथून हा प्रवाह निघाला. पुढे १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि १९५८ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने समुपदेशकांच्या शिक्षणास पैसा पुरविला, तो हुशार मुले विज्ञानाकडे वळावीत म्हणून. राष्ट्राची गरज ओळखण्यासाठी लावलेला कान हळूहळू मुलाची गरज ऐकू लागला.

भाची येथे आली असता आम्ही तिला विचारले, “इतके तास शिकवितात तरी काय?” ती म्हणाली, “मामा, मुख्यतः गप्प बसायला.” परवानगीने ध्वनिमुद्रित केलेली तिची संभाषणे तिच्या मार्गदर्शिका ऐकत आणि मध्येच थांबवून विचारीत, “येथे तू का बोललीस? मूल थांबले होते, त्याचे संपले नव्हते.” आणखी एक गोष्ट तिने सांगितली. प्रत्येक मुलास पहिल्याच भेटीत सांगावयाचे असते की तुझे बोलणे माझ्यापाशी राहील. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवास धोका असेल, अथवा तुला कोणी इजा करीत असेल, तर ते मला योग्य ठिकाणी सांगावेच लागेल. आपल्याकडेही २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस देणे हे ज्याला ती कळली त्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले आहे.

हे ऐकताना आम्हांस आमची चूक नेमकी कोठे झाली ते उमगले. एखादी गोष्ट पुढे सांगणे प्रसंगी आवश्यकही असू शकते. आम्ही मात्र पाळता येईल त्याहून मोठे वचन दिले आणि मुलास न विचारता, न सांगता ते मोडले. करुणेची आमच्यापाशी वाण नव्हती, संयमाची होती. करुणा कोणत्याही विद्यापीठात शिकविता येत नसेल, संयम मात्र शिकविता येतो, तपासता येतो. समुपदेशकाचा दाखला माणूस सज्जन असल्याचे सांगत नाही. त्याचे ऐकणे कोणीतरी जवळून पाहिले आहे, सुधारले आहे, आणि चुकल्यास त्याला जाब विचारणारे कोणी आहे, एवढेच तो सांगतो. वाड्यातल्या कानास जाब विचारण्याची सोय कोणत्या मुलास होती?

अर्थात दाखल्याचा विटाळ आम्हांस नसला तरी त्याची भीती आहे. आदेश कागदोपत्री कसा पाळला जातो हे सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्यास सांगावयास नको. कोण्या गणिताच्या शिक्षकास दोन दिवसांचे शिबिर करवून खोलीवर पाटी लावली की शेरा पडतो, “अनुपालन झाले.” एनसीईआरटी मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम चालवीत आली आहे, त्यात दूरस्थ अध्ययन, प्रत्यक्ष वर्ग आणि उमेदवारी असे टप्पे असतात. आपली नातवंडे ज्या शाळांत जातात तेथे पाटीमागे बसलेल्या व्यक्तीने असे काही शिक्षण घेतले आहे काय, हे विचारणे आजी-आजोबांचेही काम आहे.

जाण्यापूर्वी भाचीस आम्ही सहज म्हणून विचारले, “दादा तुझ्याशी फोनवर बोलतो ना? माझ्याविषयी कधी काही म्हणतो का?” ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “मामा, ते तुम्ही दादालाच विचारा.” तिने काही सांगितले नाही याचे वाईट वाटले, आणि समाधानही वाटले.

दिवाळीस तो येणार आहे. त्याला काही विचारण्यापूर्वी त्या रात्रीबद्दल आपण त्याची क्षमा मागावी, असे आम्ही ठरविले आहे. त्यावर तो काही बोलला तर मध्ये न बोलता ऐकण्याचा प्रयत्न करू.