घाटाला कशाला बोल लावतोस?

उभा राहा. मांड्या भरून आल्यात ते दिसतंय मला, जिना उतरताना कठडा धरत होतास तेही पाहिलं. बसायचं नंतर, आधी ऐकून घे.

'यवतेश्वरच्या घाटानं मारलं' असं गावभर सांगत सुटलायस. घाटानं काय केलं रे तुझं? सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते. गावातून निघायचं, घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, वळायचं आणि आल्या वाटेनं खाली यायचं. एकवीस किलोमीटर, जाताना चढ, येताना उतार. शाळकरी पोरालाही कळेल असा रस्ता आहे हा.

आणि तू? लोकांनी टाळ्या वाजवल्या नि सुटलास उधळलेल्या खोंडासारखा. हवा पावसाळी, गार; दम जातोय हे कळलंच नाही तुला. घाट लागला तरी नजर मनगटावर. सपाटीवरचा पेस घड्याळात दिसलाच पाहिजे म्हणून चढावर जीव काढलास. कुणी शिकवलं हे? मी तर नाही! चढावर वेग पडणारच, पडू द्यायचा. सारखी ठेवायची ती मेहनत, आणि ती श्वासावरून ओळखायची. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. दोन शब्दांत धाप लागली की पाऊल आखूड कर. तरी भागलं नाही तर चाल. हो, चाल. त्याची लाज वाटते ना तुला? दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत नव्वदेक किलोमीटरची आहे, तिथले मुरलेले धावपटू मोठ्या चढांवर ठरवून चालतात. तू कोण लागून गेलास?

वर चढताना कमरेतून वाकलेला, डोळे बुटांवर. छातीच दाबलीस तर श्वास कुठून येणार? पाठ सरळ हवी, झुकायचं ते घोट्यातून.

'उतारावर भरून काढीन' हे तर तुझं लाडकं गणित. मिनेट्टी नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे मोजून ठेवलंय. दहा टक्के चढावर सपाटीच्या दीडपटीहून जास्त शक्ती जाते आणि तेवढ्याच उतारावर जी वाचते, ती चढावरच्या जादा खर्चापेक्षा बरीच कमी असते. म्हणजे घाटात उधळलेलं सगळं परत मिळत नाही. कुणालाच मिळत नाही.

जे मिळण्यासारखं होतं तेही तू घालवलंस. उतारावर लांब ढांगा, टाच पुढं, अंग मागं रेललेलं. प्रत्येक पावलाला ब्रेक! उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, त्यात त्याचे धागे बारीक बारीक फाटतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कठडा धरावा लागतो. पावलं आखूड आणि भरभर पडली पाहिजेत, पाय अंगाखाली टेकला पाहिजे. ओल्या वळणावर तर हे न सांगता कळायला हवं.

पण कळणार कसं? सरावाला घाट चढायचास आणि खाली यायचास कुणाच्या तरी दुचाकीवर बसून. वाटलं असेल, मला ठाऊक नाही. उतार एकदा जरी नीट धावत उतरला, तरी स्नायू पुढचे काही आठवडे तो मार सोसायला शिकतात. फुकटचं औषध होतं, तेवढंही घेतलं नाहीस. त्यात शर्यतीच्या आदल्या आठवड्यात हौसेनं घाटात वेगाची धाव! तेव्हा तर नुसतं पायांना जपायचं असतं.

आता दुखणं जाईपर्यंत पळायचं नाही, चालायचं. बरा झालास की रविवारी पहाटे घाटाच्या पायथ्याशी हजर राहा, घड्याळ घरी ठेवून. वर मी म्हणेन त्या गतीनं जायचं आणि खाली स्वतःच्या पायांनी यायचं. पुन्हा दुचाकीवर दिसलास, तर माझ्याकडे शिकायला येऊ नकोस.