मे महिन्याची फी

ठाण्यात नौपाड्यात गाण्याच्या क्लासला मे महिन्याची फी द्यायची पद्धत नाही. असं कुणी ठरवलेलं नाही, कुठे लिहिलेलंही नाही. पण गोखले रोडपासून घंटाळीपर्यंत माझ्या माहितीतले गाण्याचे, पेटीचे, तबल्याचे जेवढे क्लास आहेत, त्यांतल्या बहुतेकांना हा नियम लागू आहे. शाळेची परीक्षा संपली की मुलं गावाला जातात, शिबिरांना जातात, क्लास थांबतो आणि फीही थांबते. त्याच घरांतून शाळेला मात्र सुट्टीसकट वर्षाची फी जाते, दहावीच्या क्लासचे पैसे आगाऊ भरले जातात आणि दाराला कुलूप लावून महिनाभर कोकणात राहिलं तरी सोसायटीचा मेंटेनन्स चुकत नाही.

मी इथे गाणं आणि पेटी शिकवते, कार्यक्रमांत साथ करते आणि कुठेही पगारावर नाही. ही मेची फी म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हे. पण तिच्या मागे एक जुना प्रश्न आहे: गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचं वर्ष कुणी सांभाळायचं? तो आपण सोडवलेला नाही, फक्त एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात टाकत आलो आहोत.

आमचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. शाळेच्या आणि ट्यूशनच्या वेळा पक्क्या झाल्या की उरलेल्या फटीत गाणं बसवायचं. आषाढीला अभंगवाणी. गुरुपौर्णिमेला विद्यार्थ्यांचा कार्यक्रम. त्यात हॉलचं भाडं, साउंडवाला आणि तबलजी यांचा खर्च पुष्कळदा गुरूच्याच खिशातून होतो. श्रावणात भजनी मंडळांच्या तालमी, गणपतीत मंडळांच्या स्पर्धांचं परीक्षण, कोजागरीला गच्चीवरचा कार्यक्रम, मग दिवाळी पहाट. नोव्हेंबर-डिसेंबरात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, त्यांना लागूनच शाळांची स्नेहसंमेलनं. पाडव्याची स्वागतयात्रा आणि रामनवमीचं गीतरामायण झालं, एप्रिल-मेच्या परीक्षेला बसणारी चार मुलं मार्गी लागली, की वहीची पानं कोरी.

बाहेरच्याला वाटतं, दिवाळीत यांची चांदी असते. तलावपाळीला आणि राम मारुती रोडवर, तिकडे डोंबिवलीत फडके रोडवर, पहाटे मुंगी शिरायला जागा नसते हे खरं. पण पहाटा चार, आणि एका पहाटे माणूस एकाच ठिकाणी वाजवू शकतो. वर्षभराची मागणी चार सकाळींत कोंबलेली असते. अंधारात स्टेज लागत असतं. तबलजी हातोडीने तबला काळी चारला आणत असतो, कारण पहिलं गाणं गायिकेचं. दुसरं गायकाचं, ते काळी एकमध्ये. तबलजी दुसरा तबला पुढे ओढतो आणि निवेदकाचं वाक्य संपेपर्यंत पेटीवर बोटांची सगळी ठेवण बदलावी लागते. समोरच्याला यातलं काही कळत नाही, कळूही नये. पण ती ठेवण त्या पहाटे येत नाही. मे महिन्यात, पावसाळ्यात, कुणी ऐकत नसताना एकच अभंग चार पट्ट्यांत घोटलेला असतो तेव्हा ती येते. मिळणारं पाकीट त्या दोन तासांचं असतं. घोटण्याचे पैसे कोण देतं?

पूर्वी ते संस्थानिक देत. दरबारी गवयाला तैनात असे आणि तो रोज गायला नाही म्हणून ती कापली जात नसे. अल्लादियाँ खाँसाहेब कोल्हापूर दरबारी होते. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले. नाटक कंपन्यांनीही हेच केलं. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीसारख्या कंपनीत नटाला आणि वाजवणाऱ्याला पगार होता, पंगत होती, बिऱ्हाड होतं. बोलपट आले, कंपन्या मोडल्या. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली. मग ही जबाबदारी आकाशवाणीने आणि सरकारी कचेऱ्यांनी उचलली, उचलतो आहोत हे बहुधा लक्षातही न येता. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत होते.

हा सगळा प्रवास आमच्या या पट्ट्यात एकाच परंपरेत पाहायला मिळतो. अंतुबुवा जोशी औंध संस्थानचे गवई. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा आकाशवाणीच्या नोकरीत होते आणि पुढे डोंबिवलीत राहिले. गजाननबुवांकडे आणि ठाण्यात पं. राम मराठे यांच्याकडे शिकलेले उल्हास कशाळकर आधी आकाशवाणीत होते, नंतर कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून गेले. तिथे एका कंपनीच्या पैशावर गुरूला घर आणि वेतन मिळतं. दरबार, सरकार, कंपनी: पोशिंदा बदलला, पण तिघांनी एक गोष्ट सारखीच केली. त्यांनी बारा महिन्यांचे पैसे दिले.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या मध्यमवर्गाने याची घरगुती आवृत्ती काढली. बँक, रेल्वे, महापालिका, टपाल खातं यांत नोकरी, आणि संध्याकाळी क्लास. इथली संगीताची चळवळ मोठ्या प्रमाणात अशा माणसांनी चालवली. त्यांना मेची फी मिळाली नाही तरी बिघडत नव्हतं, कारण पगार एक तारखेला होत होता. फी कमी ठेवणं, न मागणं, गरिबाच्या मुलाला फुकट शिकवणं हे त्यांचं औदार्य होतंच. पण त्या औदार्याला भविष्यनिर्वाह निधीचा टेकू होता. आपण औदार्य तेवढं लक्षात ठेवलं आणि टेकू विसरलो. आज त्याच गल्लीत नोकरीशिवाय शिकवणाऱ्याकडून तीच फी, तोच संकोच आणि तोच मे महिना अपेक्षित असतो.

‘गुरूने पैशाचं बोलू नये’ हे त्या संकोचाचं शास्त्र. पण परंपरेचाच दाखला द्यायचा तर केसरबाई केरकरांना तालीम द्यायची ठरली तेव्हा अल्लादियाँ खाँसाहेबांनी पैशाच्या आणि मुदतीच्या अटी आधी घालून घेतल्या होत्या. त्यामुळे ना गुरूचा मान कमी झाला ना शिष्येची श्रद्धा. उलट आधी स्पष्ट बोलणं झालं म्हणून पुढची वर्षं फक्त गाण्यावर बोलता आलं. आमच्याकडे आधी बोलणं होत नाही, म्हणून ते दर महिनाअखेरीला दारात होतं. “ताई, या महिन्यात ती तीनदा आली नाही, पाहुणे होते ना घरी. मग किती पाठवू?” विचारणाऱ्या आईचा हेतू वाईट नसतो. दूधवाल्याचे खाडे वजा करायची सवय असते, तोच हिशेब ती इथे लावते. पण दूध त्या दिवशी आलं नाही तर ते दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेलं असतं. संध्याकाळी साडेपाचची वेळ मी तिच्या मुलीसाठी धरून बसलेली असते आणि ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

फीवर विसंबून संगीत चालवता येईल, ही कल्पनाच तशी ताजी आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गाणं दरबारातून काढून सामान्य घरात न्यायचं हे त्यांचं ध्येय होतं, आणि ते त्यांनी साधलं. नौपाड्यातली मुलगी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढते ती त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापलेल्या मंडळामुळे. पण बुवा केवळ फीवर विसंबले नव्हते. देणग्या, जलसे, पुस्तकांची छपाई, वाद्यांचा कारखाना अशी सगळी खटपट होती, विद्यालयात राहून वर्षानुवर्षं शिकणाऱ्या शिष्यांचा खर्च होता, आणि शेवटी कर्जापायी मुंबईतली इमारत गेली. गाणं घरोघर पोचलं. ते पोचवणाऱ्याच्या घराचं काय, हा हिशेब तेव्हापासून अर्धवट आहे. राज्य शासन कलावंताकडे पाहतं ते पन्नाशीनंतर: वृद्ध कलावंत मानधनाची योजना १९५४-५५ पासून आहे आणि २०२४ मध्ये ते मानधन सरसकट महिना ५,००० रुपये झालं. पंचविसाव्या वर्षी नोकरी सोडून पूर्ण वेळ गाण्यात उतरलेल्याने पन्नाशीपर्यंत काय करायचं, याला तशी योजना नाही. आणि मला वाटतं, ती शासनाकडे मागण्याआधी आपण आपल्या दारातला हिशेब नीट करावा.

याला एक सरळ आक्षेप आहे: जे शिकवलं नाही त्याचे पैसे का द्यायचे? त्याचं माझं उत्तर असं की मेमध्ये शिकवणं थांबतं हीच चूक आहे. वर्षभर शाळा, ट्यूशन आणि प्रकल्पवह्यांत अडकलेल्या मुलाला रियाजाला वेळ असतो तो नेमका सुट्टीत, आणि तेव्हाच क्लास बंद. एप्रिलमध्ये यमनचे आलाप जमू लागलेली मुलगी जून उलटल्यावर येते तेव्हा तिचा निषाद परत लावून घेण्यात महिना जातो. काही येतच नाहीत. दहावीच्या निकालात संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून आलेली मुलं गुण पदरात पडले की जातात, तीही बहुतेक याच फटीतून. गावाला गेलेल्या मुलालाही मोबाइलवर तानपुरा लावून, रोज अर्धा तास गाऊन, आठवड्याला एक ध्वनिफीत पाठवता येते. ती ऐकून दुरुस्त करणं हे शिकवणंच आहे. परदेशातल्या मराठी घरांतली जी मुलं ऑनलाइन शिकतात, त्यांचे आईवडील सत्राचे पैसे सुरुवातीलाच भरतात आणि गैरहजेरी वजा करत नाहीत. ती घरं काही वेगळ्या मातीची नाहीत. कित्येकदा इथल्याच पालकांची भावंडं असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बारा महिन्यांची फी घेतली तर गाणं श्रीमंतांचंच होईल. नौपाड्यात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. भाड्याच्या खोलीतला क्लास त्यात टिकवणंच अवघड, फी वाढवली तर चाळीतून येणारा मुलगा सुटायचा. ही भीती खोटी नाही. पण मी रक्कम वाढवायला सांगत नाही, सारखी वाटायला सांगते आहे. आणि करार दोन्ही बाजूंनी हवा. कार्यक्रमाचं बोलावणं आलं की आम्ही कलाकार क्लासला सुट्टी देतो आणि भरपाईचा तास ‘बघू’ म्हणून राहतो. बारा हप्ते मागायचे तर गुरूने बुडवलेला प्रत्येक तास भरून द्यायचा, वर्षात काय शिकवणार ते जूनमध्ये कागदावर द्यायचं, आणि ज्याला परवडत नाही त्याची फी स्वतःहून माफ करायची, सगळ्यांची कमी ठेवून नव्हे. शिकवणाऱ्यांनी हे प्रवेशअर्जावर छापावं. एकट्याने छापलं तर पालक पलीकडच्या गल्लीत जातील; गल्लीतल्या दहाजणांनी मिळून छापलं तर पद्धत होईल, जशी आजची झाली तशीच.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा आज महिना १,४४० रुपये घेतो आणि मे व गैरहजेरीचे खाडे वजा जाता वर्षात दहा महिन्यांचेच मिळतात, तर वर्षाचे १४,४०० होतात. त्याला बाराने भागलं की महिना १,२०० येतात. पालकाला दरमहाचा आकडा कमी दिसतो आणि वर्षाची रक्कम बदलत नाही. शिकवणाऱ्याला मे महिन्यात मिळेल त्या शिबिरात शंभर मुलांकडून समूहगीत बसवून घ्यायला धावावं लागत नाही. पावसाआधी पेटी कारागिराकडे देऊन सूर लावून घेता येतात, एखादी नवी बंदिश स्वतःच्या गुरूकडे जाऊन शिकता येते. जूनमध्ये क्लासला परत येणाऱ्या मुलाला त्यातूनच काहीतरी नवं मिळणार असतं. संस्थानिकाला हे कळत होतं. दरमहा एक तारखेला पगार घेणाऱ्या आपल्या वर्गाला ते समजायला अवघड जाऊ नये.