रात्रीचा उतारू

उदरनिर्वाहासाठी केलेल्या धंद्यातून धर्म साधतो काय, हा प्रश्न नदीकाठच्या नावाड्याइतका जुना आहे. पैलतीरी जाणारा माणूस यात्रेला निघाला आहे की तमाशाला, याची चौकशी नावाडी कधी करीत नसे. भाडे घ्यावे आणि होडी लोटावी, एवढाच त्याचा आचार. त्याबद्दल त्याला कोणी दोष दिल्याचे ऐकिवात नाही. परंतु पैलतीरावर केवळ एक गुत्ताच असता, आणि नावाड्याची चूल त्या गुत्त्याच्या गिऱ्हाइकांवरच पेटत असती, तर आपण त्याला तितक्याच सहजपणे निर्दोष ठरविले असते काय?

माझ्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो दिल्लीत. दक्षिण दिल्लीतील हौज खास येथे अल्लाउद्दीन खिलजीने खोदविलेला तलाव आहे. त्याच्या काठी फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात मदरसा उभारला, आणि तेथेच त्याची कबर आहे. जेथे एके काळी शास्त्राध्ययन चाले, त्या वास्तूला लागून असलेल्या गल्ल्यांत आज मद्यगृहांचे दिवे लागतात. मेट्रोची शेवटची गाडी रात्री अकराच्या सुमारास निघून जाते. मद्यगृहांची दारे मात्र मध्यरात्र उलटल्यावर बंद होतात. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी या मधल्या अवधीतच आपला व्यवसाय मांडला होता. बारा-बारा आसनांच्या दोन गाड्या घेऊन त्यांनी दोन-तीन मद्यगृहांशी ठराव केला आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री तेथील मंडळींना ते घरपोच करू लागले. "आम्ही माणसे सुखरूप घरी पोहोचवतो," असे ते प्रथम अभिमानाने सांगत. पुढे एकदा त्यांनीच मला विचारले, "पण पैसा तर त्या बाटलीचाच ना?"

आपल्या राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. महाराष्ट्रात तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा अद्याप चालू आहे. अशा संस्कारात वाढलेल्या मनाला वाटावे की, परतीची सोय झाली म्हणजे माणूस एक पेला अधिकच घेणार. तेव्हा सोय करणारा त्या पेल्याचा भागीदार झाला. या युक्तिवादात तथ्यांश नाही असे मी म्हणणार नाही. परंतु सोय न केल्याची शिक्षा कोणाला होते, हेही पाहिले पाहिजे. ती पिणाऱ्याला एकट्याला होत नाही. पदपथावर निजलेला मजूर आणि पहाटे सायकलवरून वृत्तपत्रे वाटणारा मुलगा यांचा त्या पेल्याशी काय संबंध? दुसऱ्याच्या प्राणांची किंमत देऊन तिसऱ्याला संयम शिकविणे, हा नीतीचा मार्ग खचित नव्हे.

तेव्हा असा धंदा करावा की न करावा, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. अवघड प्रश्न गाडीच्या दारापाशी सुरू होतो.

कायद्याच्या दृष्टीने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असलेला मनुष्य वाहन चालविण्यास अपात्र ठरतो. शरीर हा अंश ताशी सुमारे पंधरा मिलिग्रॅम इतक्याच गतीने कमी करते. कॉफीने वा थंड पाण्याने त्या गतीत फरक पडत नाही. म्हणजे ज्याच्या रक्तात दीडशे मिलिग्रॅम आहे, त्याला मर्यादेत येण्यास आठ तास लागतात. अशा माणसाला गाडीची गरज सर्वांत अधिक. आणि नेमका तोच कोणाला नकोसा असतो. तो ओकतो, भांडतो, आपला पत्ता विसरतो. एकदा गाडी घाण झाली की ती धुईपर्यंत पुढची खेप बुडते. शिवाय गाडीत इतरही उतारू असतात. मद्यगृहात वाढपाचे काम करून थकलेली मुलगी असते, वादक असतो, एकटी परतणारी तरुणी असते. तिच्या शेजारी या माणसाला बसवावे काय?

या प्रश्नाला दिल्लीत एक भीषण पार्श्वभूमी आहे. हौज खासपासून मुनिरका फार दूर नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री तेथील थांब्यावर एक तरुणी आणि तिचा मित्र एका खासगी बसमध्ये चढले. चित्रपट पाहून ते घरी निघाले होते. बसच्या काचा काळ्या होत्या आणि त्यांवर पडदे होते. पुढे जे घडले ते देश जाणतो. २९ डिसेंबरला सिंगापूर येथे त्या तरुणीचा अंत झाला. त्यानंतर कायदे कठोर झाले. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक वाहनांत ठावठिकाणा दाखविणारे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाची कळ आवश्यक झाली. हे योग्यच झाले. परंतु रात्री गाडीचे दार लागले की आतला मनुष्य चालकाच्या सद्बुद्धीच्या स्वाधीन होतो, ही गोष्ट कोणत्याही कळीने बदलत नाही.

म्हणून माझ्या स्नेह्यांनी नियम केला होता की, फार प्यालेल्याला घ्यावयाचे नाही. नियम वाजवी होता. एका रात्री त्याप्रमाणे त्यांनी एका तरुणाला नकार दिला. तो हसला, हात जोडून दूर झाला आणि कोपऱ्यावर लावलेली आपली मोटारसायकल सुरू करून निघून गेला. त्याचे पुढे काय झाले, हे त्यांना कधीच कळले नाही. कदाचित तो सुखरूप घरी पोहोचलाही असेल. "पण मी रात्रभर वर्तमानपत्राची वाट पाहत बसलो होतो," ते म्हणाले.

नकार देण्याचा अधिकार त्यांना होता, याविषयी मला शंका नाही. ज्याला गाडीतून निसटता येत नाही, त्याचे रक्षण प्रथम. हा क्रम मी मानतो. त्या तरुणीच्या निर्धास्तपणावर त्या तरुणाची सोय उभी करता येत नाही. परंतु नकाराने कर्तव्य संपते, हे मात्र मला मान्य नाही. आपण ज्याला दारातून परत पाठवितो, तो आपल्या दृष्टीआड होतो. जगाआड होत नाही. पुढे त्या गृहस्थांनी नियमाला एक पुस्ती जोडली. ज्याला गाडीत घ्यावयाचे नाही, त्याच्या वाहनाची किल्ली समजुतीने मद्यगृहाच्या रखवालदाराकडे ठेवावयाची आणि त्याच्यासाठी टॅक्सी बोलवावयाची. त्याच्यापाशी पैसे नसतील तर आपल्या गल्ल्यातून. महिन्याचा नफा त्यामुळे काहीसा घटला.

आणखी एक उतारू आपण विसरतो. तो म्हणजे स्वतः चालक. पहाटे तीनला परतलेल्या चालकाला सकाळी सातला शाळेच्या गाडीवर पाठविण्याचा मोह लहान मालकाला फार होतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. पण पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकाला तो कायदा लागू नव्हता. अशा सवलतीचा लाभ घ्यावा की न घ्यावा, हे कोणी निरीक्षक येऊन सांगत नाही. झोपाळलेला चालक आणि प्यालेला चालक यांत रस्त्याला फारसा भेद कळत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची हयात परवाने देण्यात आणि नाकारण्यात गेली. नियमात न बसणारा अर्ज परत पाठविला की कागद निकाली निघतो, आणि आपण पुढचा कागद हाती घेतो. तो कागद घेऊन आलेला मनुष्य कार्यालयाच्या पायऱ्या उतरून कोठे गेला, याचा विचार मीही क्वचितच केला. त्या गृहस्थांचा धंदा आता बंद झाला आहे. पण नकाराच्या शेऱ्याखाली सही करताना ती किल्ली आठवावी, एवढी शिकवण मी त्यांच्याकडून घेतली आहे.