प्रवेशाची अट

आपल्या हातून घडलेले आणि जगाने शिरोधार्य मानलेले कार्य मुळातच सदोष आहे, असे भरसभेत सांगण्याचा प्रसंग विद्वानांच्या आयुष्यात क्वचितच येतो, आणि आला तरी बहुधा तो टाळला जातो. जॉन बॅकस यांनी तो टाळला नाही. १९७७ साली ट्यूरिंग पुरस्काराच्या निमित्ताने त्यांनी जे व्याख्यान दिले, त्यात ज्या फोर्ट्रान भाषेमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते तिच्यासकट, त्या कुळातील यच्चयावत संगणकभाषांविरुद्ध त्यांनी तक्रार गुदरली. या व्याख्यानाकडे पश्चात्ताप म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. फोर्ट्रानला ज्या अटीवर जगाच्या दप्तरी प्रवेश मिळाला, त्या अटीची वीस वर्षांनी झालेली ती झडती होती.

बॅकस यांचा जन्म १९२४ सालचा, फिलाडेल्फियातला. त्यांचे पूर्ववय पाहणाऱ्याला पुढील कर्तृत्वाची चाहूलही लागली नसती. रसायनशास्त्र शिकण्यासाठी ते व्हर्जिनिया विद्यापीठात गेले, तेथून गैरहजेरीपायी त्यांचे नाव कमी झाले; पुढे सैन्य, मग वैद्यक, आणि तेही काही महिन्यांतच सुटले. अखेर गाणे ऐकण्याचे उत्तम यंत्र आपल्या हातांनी बांधावे, या ओढीने ते न्यूयॉर्कच्या एका रेडिओशाळेत दाखल झाले आणि तेथल्या एका शिक्षकाच्या सहवासात त्यांना गणिताची गोडी लागली. कोलंबिया विद्यापीठाची गणिताची पदवी घेऊन १९५० साली ते आयबीएम कंपनीच्या चाकरीत रुजू झाले.

त्या काळी संगणकाला काम सांगणे म्हणजे त्याच्या अंतर्गत रचनेची खडान्‌खडा माहिती ठेवून एकेक हुकूम सांकेतिक रूपात लिहिणे होते, आणि या लिखाणात व त्यातील चुका शोधण्यात इतके मनुष्यबळ खर्ची पडे, की त्यापुढे महागड्या यंत्राचे भाडेही कमी वाटावे. १९५३ च्या अखेरीस बॅकस यांनी वरिष्ठांकडे प्रस्ताव ठेवला, की माणसाने परिचित बीजगणिती सूत्रे लिहावीत आणि त्यांचा यंत्राच्या हुकमांत तर्जुमा यंत्रानेच करावा. मंजुरी मिळाली, जाणकारांचा विश्वास मात्र मिळाला नाही. निष्णात माणसाच्या हातचा आज्ञाक्रम जितका चपळ असतो तितका यंत्राने रचलेला असणे अशक्य, ही त्यांची ठाम समजूत होती, आणि चपळाईत उणा पडणारा तर्जुमा कोणी दारात उभाही केला नसता. म्हणून बॅकस आणि त्यांच्या लहानशा मंडळीने आपले बहुतेक श्रम भाषेच्या घडणीवर न वेचता तर्जुम्याच्या वेगावर वेचले. भाषा कामाच्या ओघात घडत गेली.

एप्रिल १९५७ मध्ये ‘आयबीएम ७०४’ या यंत्रासाठी फोर्ट्रानची ही सामग्री बाहेर पडू लागली. पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस कंपनीच्या बेटिस प्रयोगशाळेत टपालाने कार्डांचा एक गठ्ठा आला, त्यावर ना नाव ना सूचना. हीच ती वस्तू असावी अशा तर्काने तेथल्या मंडळींनी तो यंत्रात घातला, सोबत स्वतःचे एक गणित दिले, आणि यंत्राने उत्तर छापले ते असे, की अमुक विधानात कंसानंतर स्वल्पविराम राहिला आहे. कार्ड दुरुस्त झाले आणि यंत्राने निष्कर्षांची २८ पाने छापून काढली. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. यंत्राची मर्जी सांभाळण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांच्या लिखाणातील स्वल्पविरामाची उणीव आता यंत्र दाखवून देत होते. श्रमांची वाटणीच बदलली होती.

परंतु वेगाची अट पाळताना भाषेला यंत्राच्या अंगकाठीशी जुळवून घ्यावे लागले होते. पहिल्या फोर्ट्रानमध्ये यंत्राच्या फलकावरील दिवे लावण्याची आणि कळा तपासण्याची विधानेसुद्धा होती! दिवे आणि कळा कालांतराने गेल्या, खोलवरचा ठसा तेवढा राहिला. गणितज्ञ फॉन नॉयमन यांच्या धाटणीच्या या संगणकांत स्मृती एकीकडे, गणन करणारा भाग दुसरीकडे, आणि दोहोंमध्ये एक चिंचोळी वाट, जिच्यावरून एका वेळी एकच शब्द ये-जा करतो. फोर्ट्रानमधील चल म्हणजे स्मृतीचा एक कप्पा, आणि तिचे प्रमुख विधान म्हणजे एक मूल्य उचलून त्या कप्प्यात ठेवणे. वाण्याच्या बिलात प्रत्येक जिनसाचे वजन दराने गुणून सगळ्यांची बेरीज करायची, एवढेच आपल्याला अभिप्रेत असते. परंतु त्या भाषेत आधी बेरजेचा कप्पा शून्य करा, मोजणी एकपासून सुरू करा, तितव्या वजनाला तितव्या दराने गुणा, कप्प्यात मिळवा, मोजणी एकाने वाढवा, असे सारे सांगावे लागे. व्याख्यानात बॅकस यांनी याच जातीचा हिशेब घेऊन दाखवले, की दोन याद्यांच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीचा गुणाकार करा, सर्वांची बेरीज करा, अशा तीन क्रिया एकात एक गुंफल्या की कप्पे आणि मोजणी यांचा उल्लेखही न करता काम पुरे होते. शिवाय अशा क्रियांचे स्वतःचे बीजगणित असल्यामुळे एक कार्यक्रम दुसऱ्याशी समतुल्य आहे हे सिद्ध करता येते. चिंचोळ्या वाटेने यंत्राची गती तर रोखलीच होती, विचाराचीही रोखली होती, हे त्यांचे मुख्य म्हणणे.

नियमांची रचना ही बॅकस यांची उपजत आवड असावी. भाषेचे व्याकरण मोजक्या पुनर्लेखन-नियमांत बांधण्याची जी पद्धत त्यांनी १९५९ साली पॅरिसच्या परिषदेत मांडली आणि पीटर नाउर यांनी सुधारून वापरली, तिला पाणिनीचेही नाव जोडावे अशी सूचना १९६७ साली एका संशोधकाने जाहीरपणे केली होती. आपल्याकडे या सूचनेचा अभिमानाने उल्लेख होतो, तो योग्यच आहे. मात्र बॅकस यांना ही युक्ती पाणिनीच्या अष्टाध्यायीतून मिळाली असे त्यातून निघत नाही, आणि दोन दूरस्थ बुद्धी एकाच वाटेला लागल्या यातले नवल त्यामुळे वाढतेच.

व्याख्यानात मांडलेल्या क्रिया गुंफण्याच्या नव्या पद्धतीला मात्र व्यवहारात अंमल गाजवता आला नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या समकालीनांनी व्याख्यानावर कठोर टीका केली. तथापि कंपनीने १९६३ सालीच त्यांना मानाची फेलोशिप देऊन संशोधनाची मुभा दिली होती, आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत ते याच विषयाला चिकटून राहिले. २००७ साली ऑरेगॉनमधील ॲशलंड येथे त्यांचे निधन झाले. त्या पद्धतीची त्यांची नवी भाषा रूढ झाली नाही म्हणून हा उत्तरार्ध निष्फळ ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण फलनांवर, म्हणजे अशा गुंफलेल्या क्रियांवर, आधारलेल्या भाषांचे संशोधन करणाऱ्या तरुण पिढीला त्या व्याख्यानाने प्रतिष्ठा आणि बळ दिले.

फोर्ट्रान अद्याप कामावर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी जी गणिती प्रारूपे चालवली जातात, ती बव्हंशी तिच्यातच लिहिलेली आहेत. आणि ‘फोर्ट्रान ९०’ या आवृत्तीपासून तिच्यात दोन सबंध याद्यांचा गुणाकार करून त्याची बेरीज एकाच विधानात मागता येते, मोजणी नाही की कप्पा नाही. याचे श्रेय एकट्या बॅकस यांना देणे न्यायाचे होणार नाही. सबंध यादी हीच एक वस्तू मानणारी केनेथ आयव्हर्सन यांची एपीएल भाषा त्यांच्या व्याख्यानाच्या पुष्कळ आधीची, आणि त्या व्याख्यानात बॅकस यांनी तिचे ऋण मोकळेपणाने मान्य केलेले आहे.